दुसऱ्यांदा विचारायचं नाही

नदी समितीचा नियम एकच होता आणि तो ताईंनीच केला होता. ज्याची जमीन, त्याचा शब्द. मालकाच्या घरी जाऊन, समोर बसून विचारायचं. हो म्हणाला तर काठालगतचा पट्टा मोकळा ठेवून माती धरणारी झाडं लावायची. जमीन त्याच्याच नावावर राहणार. नाही म्हणाला तर मुकाट्याने उठायचं, त्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही आणि दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

याला कारण होतं. आधी सरकारी माणसं न विचारता लोकांच्या शेतांत खुंट्या ठोकून गेली होती आणि लोकांनी त्या उपटून चुलीत घातल्या होत्या. मग नदीचं नुसतं नाव काढलं तरी काठावरची माणसं दारं लावून घेऊ लागली. ताईंचं नळांचं दुकान. गळक्या तोट्यांच्या निमित्ताने घराघरांत ऊठबस. त्यांनी हा नियम सांगितला तेव्हा कुठे दारं किलकिली झाली. बैठका दुकानाच्या मागच्या खोलीत, पाइपांच्या भाऱ्यांवर बसून चालत. एकजण उठला की भारा घरंगळायचा आणि दुसरा खाली यायचा. समितीतले वकीलसाहेब चांगले आपटले होते, पण पठ्ठ्याने एक बैठक चुकवली नाही.

अखेर एकच तुकडा उरला. नदी वळते तिथला, सगळ्यात नाजूक. तो ताईंच्या सख्ख्या थोरल्या भावाचा होता.

दादांचा पहिला शब्द कायम 'नाही'. जेवायला वाढू का? नाही. डॉक्टरकडे जायचं का? नाही. लग्नालाही ते आधी नाहीच म्हणाले होते, असं वहिनी हसून सांगायच्या. दुसऱ्यांदा विचारलं की तोंड वाकडं करून हो. घरात त्यांचं पहिलं 'नाही' कुणी धरतच नसे.

ताई विचारायला गेल्या तेव्हा दादा फाटकातच उभे होते.

"नाही देणार," ते म्हणाले. "सगळ्यांची दारं वाजवून झाली, मग भाऊ आठवला होय?"

हे ताईंना झोंबलं, कारण ते खरं होतं. आपलाच माणूस, जातो कुठे, म्हणून त्यांनी दादांना शेवटी ठेवलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आमचा नियम आहे. दुसऱ्यांदा विचारत नाही आम्ही."

आणि तडक वळल्या. परत फिरून एकदा विचारलं की झालं, हे त्यांना तेव्हाच कळत होतं. पण नाकावर राग होता आणि हाताशी नियम होता. रागाला असा सोयीचा आडोसा मिळाला की माणूस तिथेच मुक्काम ठोकतो.

"अहो, तुमचेच भाऊ ना? पुन्हा जाऊन या," वकीलसाहेब म्हणाले.

"घरच्यासाठी नियम वाकवला तर बाकीचे काय म्हणतील?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई म्हणजे सरळ हो, असं कुणीतरी म्हणालं. ताईंना ते आवडलं. अगदी मनापासून आवडलं.

काही दिवसांनी शेजारच्या जमिनीत रोपं लावताना दादांच्या झुडपांपलीकडून ठोकाठोकी ऐकू आली.

"तुमचे दादा किल्ला बांधताहेत वाटतं," वकीलसाहेब म्हणाले, आणि सगळे हसले. ताईही हसल्या. झुडपं बाजूला करून कुणी पाहिलं नाही. हद्दीत पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही.

दोन पावसाळे सुखरूप गेले. बहीण-भाऊ मात्र बोलले नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यात नदी फुगली. दादांच्या तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाची झाडं वाकली, पण माती सोडली नाही. मधला काठ उघडा होता, पाणी तिथेच घुसलं. लिंबाची झाडं गेली, पंपघर गेलं, आणि ती सगळी माती खालच्या लोकांच्या रोपांवर जाऊन बसली. समितीची निम्मी मेहनत गाळात गेली.

पाणी ओसरल्यावर ताई दादांकडे गेल्या. फाटक उघडंच होतं. मागे काठाशी वहिनी उभ्या होत्या. तिथे कुंपणाचे खांब तारांना लोंबकळत होते. "पुराने इथवर ओढत आणले वाटतं," ताई म्हणाल्या.

"आणले नाहीत, इथेच होते," वहिनी म्हणाल्या. "तू येऊन गेलीस ना, त्याच आठवड्यात यांनी कुंपण आत घेतलं. पट्टा मोकळा केला. खड्डेसुद्धा खणले. संध्याकाळ झाली की फाटकाकडे बघत बसायचे. म्हटलं, तुम्हीच जा की. तर म्हणाले, ती येईल. मला ओळखते ती."

कड्याच्या टोकाला एक खड्डा अर्धा उरला होता. नीट गोल खणलेला, आतले खडे वेचून बाजूला रचलेले. ताई तिथेच मटकन बसल्या आणि रडल्या. वहिनींनी त्यांना उठवलं नाही.

दादा स्वयंपाकघरात होते. गाळाने भरलेली भांडी धुऊन झाली होती आणि शेगडीवर चहा उकळत होता. ताई उंबऱ्यापाशी थांबल्या.

"दादा, चुकलं माझं. मी परत यायला हवं होतं."

"हं."

"आता देतोस पट्टा?"

"आता काय देऊ? गेला की तो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईंना बरं वाटलं असतं.

त्यांनी दोन कप काढले. एक भरला.

"चहा घेतेस?"

"नको," ताईंच्या तोंडून गेलं. त्याही त्याच घरातल्या. मग त्या तशाच उभ्या राहिल्या, दादांच्या हाताकडे बघत.

दादांनी क्षणभर वाट पाहिली. मग मान हलवली आणि दुसरा कप पुन्हा फळीवर ठेवला.