डावी पाकळी

साठी उलटली तरी पद्मावती आत्या कोरगावच्या वळणांवर तिची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार अशी काढते की माझं डोकं फिरतं, आणि तरी बघत राहावंसं वाटतं. यंदा गाडी निळा धूर ओकू लागली. डिचोलीच्या प्रवीण मेकॅनिकनं इंजिन उघडून सांगितलं, "रिंगा झिजल्यात, पण ब्लॉक ठणठणीत आहे. दुरुस्त होईल, पण सुटे भाग शोधताना जीव जाईल."

"मग विकून टाक," मी चिडून म्हटलं. हरमलचा एक हॉटेलवाला दारात शोभेला ठेवायला गाडी मागतच होता.

"देवाचा कौल घेऊया," आत्या म्हणाली.

देवळात भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आत्यानं डोळे मिटून मनातच प्रश्न विचारला. थोड्या वेळानं डावी पाकळी पडली.

"संपलं," मी म्हटलं. "देवच नको म्हणतो. हरमलला फोन लावतो."

आत्या चावी बोटावर फिरवत पायऱ्या उतरू लागली.

"प्रवीणला लाव. मी विचारलं होतं, गाडी विकू काय?"