डावीकडची मगर

रविवारी दुपारी धाकटीने पिशवीतून तो काळा डबा बाहेर काढला, तेव्हा दादाला आधी ओळखच पटली नाही. मग त्याने कॅसेटवरचं झिजलेलं चित्र पाहिलं, होडीत उभा असलेला लाल टोपीचा नावाडी, आणि पंचेचाळिशी ओलांडलेला तो माणूस पोरासारखा ओरडला, "अगं, हा गेम तुला मिळाला कुठे?"

"जुन्या बाजारात. पायांचे तुकडे पडले माझे. आतल्या अर्ध्या तारा बदलल्यात, तेव्हा जरा जपून दाब बटणं."

धाकटीचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दादा शाळेची बस चालवायचा. लहानपणी शेजाऱ्यांच्या घरी हा गेम होता आणि सुट्टीभर दोघं भाऊबहीण तिथे पडीक असायची. नदी वरून खाली वाहत येते, दोन्ही काठांवरून मगरी सुटतात, त्यांना चुकवत होडी समुद्रापर्यंत न्यायची. दादा शेवटच्या वळणापर्यंत पोचायचा. समुद्र काही त्याने पाहिला नाही, कारण शेजारी गाव सोडून गेले आणि गेमही त्यांच्याबरोबर गेला. तरी त्या गल्लीत चॅम्पियन तोच होता आणि बायकोला हे त्याने लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं.

त्याने कॅसेटमध्ये फुंकर मारली, ती खाचेत बसवली. टीव्हीवर निळी नदी उमटली आणि ती चिरकी धून वाजू लागली. दादाच्या अंगावर काटा आला. बोटांना सगळं आठवत होतं.

होडी निघाली आणि लगेच बुडाली.

"सवय गेली," तो हसला. पुन्हा सुरू केलं. होडी जरा पुढे गेली आणि बुडाली. तिसऱ्यांदाही तेच.

"चॅम्पियन!" बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

"अगं, कॅसेट खराब आहे. होडी आपोआप बुडतेय."

"हो, हो. नाचता येईना, अंगण वाकडं."

धाकटीने त्याच्या हातातून रिमोट घेतला. "आण इकडे. बघ, यात काही अवघड नाही. डावीकडून मगर आली की उजवीकडे सरायचं."

"डावीकडून कुठे येते? पूर्वी यायची. यात सगळ्या उजवीकडूनच येतात."

धाकटी हसली. त्याच्या तोंडाकडे पाहून तिचं हसू विरलं. तिने खेळ थांबवला. पडद्यावर सगळं होतं तिथे गोठलं.

"दादा, आत्ता पडद्यावर मगरी किती आहेत?"

"एक."

"नीट बघ."

"एकच आहे. ही काय, उजवीकडे."

बायकोच्या हातातला शर्ट हातातच राहिला. धाकटी उठून टीव्हीजवळ गेली. "होडीकडेच बघत राहा. मान हलवू नकोस. मी बोट कशावर ठेवलंय?"

दादा होडीकडे बघत राहिला. बहीण टीव्हीच्या डाव्या बाजूला उभी होती, तिचा आवाज तिकडूनच येत होता. पण तिथे ती नव्हती. काळोख नव्हता, धूर नव्हता. नदी होती, भिंत होती, सगळं कसं नीटनेटकं. फक्त बहीण नव्हती.

"कुठे आहेस तू?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"इथेच. मान वळव."

त्याने मान वळवली. शून्यातून यावी तशी मगर समोर आली, जबडा वासलेली, आणि तिच्या दातांवर धाकटीचं बोट.

त्याने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं तेवढं नव्हतं. त्याने बायकोकडे सरळ पाहिलं, तर तिच्या चेहऱ्याचा एक गाल जागेवर नव्हता.

"थकवा असेल," तो म्हणाला. "झोप झाली की..."

"दादा, उद्या सोमवार आहे," धाकटी म्हणाली.

बसचं दार डावीकडे होतं. मुलं डावीकडून चढायची, डावीकडूनच उतरायची.

तो चपला न घालताच खाली गेला. मैदानाच्या कडेला त्याची पिवळी बस उभी होती. डावी बाजू तो रोज पाहायचा, पण आज पहिल्यांदा पाहिल्यासारखी पाहिली. मागच्या चाकापासून दारापर्यंत ओरखडे. आरशाला तडा. वॉचमनची हातगाडी घासते म्हणून त्याने त्या बिचाऱ्याला किती बोल लावले होते! त्याने ओरखड्यांवरून हात फिरवला. एका जागी निळा रंग लागलेला होता. कुणाच्या सायकलचा? कुणाच्या दप्तराचा? तो वाकून पुढच्या चाकाकडे पाहू लागला आणि आपण नेमकं काय शोधतोय हे लक्षात आल्यावर तो झटकन मागे सरला.

मग त्याला ती बाई आठवली. गेल्याच आठवड्यात मुलं उतरल्यावर त्याने बस काढली, तेवढ्यात एक आई धावत आली आणि काचेवर मुठी आपटू लागली. तो थांबला होता. ती रडत होती, ओरडत होती. तिची मुलगी पडलेली पाण्याची बाटली उचलायला चाकाजवळ वाकली होती म्हणे. दादाने काच खाली करून तिलाच सुनावलं होतं, "बाई, मी आरशात बघूनच गाडी काढतो."

खरंच पाहिलं होतं त्याने. रस्ता रिकामा होता.

तो बसच्या पायरीवर बसला आणि बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना फोन लावला. "मावशी, खरं सांगा. माझ्या गाडी चालवण्यात काही बदललंय?"



"रागावणार नसाल तर सांगते," मावशी म्हणाल्या. "पोरं उतरली की मी हल्ली चाकाजवळ उभी राहते. सगळी लांब गेली की मगच बसवर थाप मारते. तुमचं लक्ष नसतं हो. मला वाटलं, घरात काही बिनसलंय."

"आधी बोलला का नाहीत?"

"तुमच्या पोटावर पाय कसा देऊ?"

त्याच्या हातून फोन निसटला. शाळेतले सगळे म्हणायचे, हा माणूस डोळ्यांत तेल घालून गाडी चालवतो. आणि मुलं घरी पोचत होती ती एका बाईच्या हाताच्या थापेवर.

धाकटी मागून आली होती. तिने हात पुढे केला. दादाने खिशातून किल्ली काढली, पण ती मुठीतून सुटेना. तिने एकेक बोट उलगडून किल्ली घेतली.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसवलं. हातात एक बटण दिलं. ठिपका चमकला की दाबायचं. खोलीत अंधार होता आणि यंत्राची बारीक टिकटिक चालली होती. उजवीकडे ठिपके भराभर येत होते, तो दाबत होता. मग काहीच येईना. टिकटिक मात्र थांबेना. म्हणजे ठिपके येत होते! नोकरी डोळ्यांसमोर आली आणि तो टिकटिकीच्या तालावर अंदाजाने बटण दाबू लागला.

"काका," तंत्रज्ञ मुलगी हलकेच म्हणाली, "दिसलं तरच दाबा. यंत्राला कळतं."

तो लाजला. त्याने अंगठा बाजूला घेतला आणि अंधारात ती टिकटिक ऐकत बसून राहिला. प्रत्येक टिकटिक म्हणजे त्याला न दिसलेलं काहीतरी. तपासणी संपेपर्यंत त्याला त्या प्रत्येक ठिकाणी दप्तर पाठीवर घेतलेलं एकेक मूल उभं दिसू लागलं होतं.

डोळे चांगलेच होते. दोष आत होता. डोक्याचा स्कॅन काढला, तर मेंदूच्या उजव्या बाजूला मागे एक गाठ होती, बहुधा कित्येक वर्षं हळूहळू वाढत आलेली. "साधी गाठ दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "पण काढायला हवी. नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही."

"मला कळलं कसं नाही, डॉक्टर?"

"कुणालाच कळत नाही. जे दिसत नाही त्या जागी मेंदू आपल्या मनाचं चित्र भरतो. रिकामा रस्ता, रिकामी भिंत."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बायकोने त्याचे केस उतरवले.

"उद्या मी तुला ओळखलं नाही तर?" त्याने विचारलं.

"तर नव्याने पटवीन," ती म्हणाली आणि त्याच्या मानेवर कपाळ टेकून रडली.

त्याने ओळखलं. गाठ निघाली आणि ती साधीच होती. डावीकडची नजरही पुढच्या काही महिन्यांत थोडीशी परतली. खालचा भाग अजून कोराच आहे, वर धुक्यातून पाहावं तसं दिसतं.

शाळेने त्याला ठेवून घेतलं. आता तो बसच्या तळावर टायर आणि ब्रेक तपासायचं काम बघतो. शेवटच्या तपासणीला डॉक्टर खुशीत म्हणाले, "असंच चाललं तर वर्षभरात छोट्या गाडीच्या परवान्यासाठी पुन्हा चाचणी देऊन बघा."

धाकटीने आनंदाने त्याचा दंड दाबला. दादा मात्र एकदम खुर्चीतून उठला, जणू कुणी त्याला आत्ताच स्टिअरिंगवर बसवणार होतं.

"नको," तो म्हणाला. "गाडीचं नाव काढू नका."

बाहेर रस्ता ओलांडायचा होता. दोन्ही बाजूंना एकही वाहन नव्हतं. दादाने मान पूर्ण वळवून डावीकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. रस्ता रिकामा होता. तरी त्याचं पाऊल उचलेना. शेवटी धाकटीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "चल. मी बघतेय."