थेक्लाताईच्या दारातल्या खापऱ्या

शनिवारी सकाळी महापौर लुडोल्फ हार्टेनश्टाइन नगरभवनात आला, तेव्हा टेबलावर सहीसाठी एकच कागद होता. मुलींच्या शाळेतील शिक्षिका थेक्ला हार्टेनश्टाइन सोमवारी विवाह करीत असल्यामुळे त्याच दिवसापासून त्यांची नोकरी व निवृत्तिवेतनाचा हक्क संपुष्टात.

थेक्ला त्याची थोरली बहीण. वडील गेल्यावर तिच्याच पगारावर तो वकील झाला. मागण्या येत, तेव्हा ती म्हणे, "आधी लुडोल्फचं शिक्षण होऊ दे." पुढे मालकांनी घरातून हाकललेल्या मोलकरणींचे खटले त्याने फुकट लढवले आणि त्याच नावलौकिकावर महापौरपद मिळवले. आता चाळिशी उलटल्यावर तिने चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ऑर्टविनला होकार दिला होता. पण शिक्षिकेने लग्न केले की शाळा सुटलीच. मास्तराने केले की मात्र गाव त्याला मोठे घर देई! असल्या नियमाची कुणाला लाजही वाटत नव्हती.

"हा नियम यंदा बाजूला ठेवला तर?" लुडोल्फने विचारले.

समोर बसलेले नगरसभेचे अध्यक्ष माइंडर्स, धान्याचे व्यापारी, पोट धरून हसले. "अहो साहेब, बाईंना नवरा मिळतोय, शाळा कशाला हवी? आणि बहिणीसाठी नियम वाकवलात, तर पुढच्या महिन्यात तुमच्या फेरनिवडीला मतं कोण देणार?"

त्याने सही केली.

संध्याकाळी, लग्नाआधी भांडी फोडली की जोडप्याला सुख लाभते या रिवाजाप्रमाणे, सारे गाव नवरीच्या दारात जुनी भांडी फोडायला जमले. फुटक्या बशा, सुरया आदळत होत्या आणि थेक्ला नि ऑर्टविन हसत खापऱ्या झाडत होते. माइंडर्सनी भलामोठा रांजण आपटला. मग लुडोल्फची पाळी आली. त्याच्या हातात कडा उडालेला वाडगा होता. परीक्षेच्या दिवसांत ताई त्याला यातून सूप द्यायची आणि स्वतः कोरडा पाव खायची.

"फोड ना रे," ती म्हणाली.

"ताई, मी सही केली."

"ठाऊक आहे. दुपारी शिपाई कागद देऊन गेला." तिचा झाडू थांबला नाही. "मोलकरणींसाठी भांडायचास, तेव्हा वाटायचं, वेळ आली तर माझ्यासाठीही भांडशील."

तेवढ्यात तिच्या वर्गातली गेर्लिंडे पुढे आली. "बाई, मंगळवारी गणित घेणार ना?"

थेक्लाने मान हलवली. "नाही गं. आता दुसऱ्या बाई येतील."

"का? महापौरसाहेब, आमच्या बाईंनी काय केलं?"

सगळी दारे बंद झाल्यासारखी वाटली. माइंडर्स त्याच्याकडे रोखून पाहत होते.

"लग्न," तो कसाबसा म्हणाला.

पोर गोंधळली. "पण तुमचंही झालंय ना लग्न?"

अंगणात कोणी हसले नाही. थेक्लाने त्याच्या हातातला वाडगा काढून घेतला, एप्रनने पुसला आणि न फोडताच घरात ठेवून आली. मग पुन्हा झाडू लागली.