तीन पौंड हवा

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. काळा, रुंद आणि एका कुशीला फाटलेला. मला तेरावं वर्ष चालू आहे. इतक्या वर्षांत माणसांनी माझं काय काय केलं, ते मी क्रमाने सांगू शकतो. का केलं, ते मात्र अजून माझ्या नीट ध्यानात आलेलं नाही. ऐकता ऐकता तुमच्या ध्यानात आलं तर चांगलंच.

माझा जन्म एका उष्ण देशातल्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर आल्यावर एका तपासनिसाने माझ्यावर मूठ आपटली, "टणक आहे" असं म्हटलं आणि खडूने खूण केली. आयुष्यात ऐकलेला तो पहिला शब्द. त्यावरून मी समजलो की चांगला टायर म्हणजे टणक टायर. जहाजाने मी आइसलँडला आलो तोवर या समजुतीला कुठेही धक्का लागला नाही.

तिथे उत्तरेकडच्या एका खोऱ्यात राहणाऱ्या ग्लूमुरने मला विकत घेतलं. ग्लूमुर शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या पिकअप ट्रकसाठी आम्ही चौघे भाऊ आलो होतो. माझी जागा मागे, डावीकडे. पण गाडीला लावण्याआधी त्याने मला टेबलावर आडवं केलं, एक पातं तापवलं आणि माझ्या कोऱ्या नक्षीवर बारीक चिरा पाडायला सुरुवात केली. एकेका टायरला दोन तास. मी काय गुन्हा केला होता, ते मला कळेना. पाडताना तो शीळ घालत होता, मधेच "निसरड्या बर्फावर पकड धरतील" असं पुटपुटत होता आणि प्रत्येक चीर पाडून झाली की अंगठ्याने प्रेमाने पुसत होता. त्यामुळे तर काहीच कळेना.

पुढचा धक्का पहिल्या हिवाळ्यात बसला. खोऱ्याच्या वर मोठं ओसाड पठार आहे. तिथे बर्फ सुरू झालं तशी ग्लूमुरने गाडी थांबवली, खाली उतरला आणि माझा व्हॉल्व्ह उघडला. पंचवीस पौंड हवा होती. ती तीन पौंडांवर आणली. माझं पोट दोन्ही बाजूंनी सुटून बर्फावर पसरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारची ओडनी गाडीत होती. तिच्या मेंढ्या आहेत. तिने खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ग्लूमुर, टायरचं पोट अगदी तुझ्यावर गेलंय."

"म्हणून तर बुडत नाही," ग्लूमुर म्हणाला. "बारीक माणसं आधी बुडतात. तू जपून उतर."

आणि खरोखरच आम्ही बुडालो नाही. कमरेइतक्या बर्फावरून चारही भाऊ ढिल्या पोटांनी चालत गेलो. परतताना पक्क्या रस्त्यावर आल्यावर त्याने पंपाने हवा भरली आणि मी पुन्हा टणक झालो. मग कारखान्यातल्या तपासनिसाचं खरं की ग्लूमुरचं? मी दहा हिवाळे हा विचार केला.

त्या दहा हिवाळ्यांत माझं कौतुक पुष्कळ झालं. पठारावर अडकलेल्या तीन गाड्या आम्ही ओढून काढल्या. लोक येऊन माझ्या कुशीत बोट खुपसायचे आणि "लोण्यासारखा आहे" म्हणायचे. पुढे ग्लूमुरचा गुडघा दुखू लागला, त्याचं वर जाणं कमी झालं आणि आम्हा चौघांना शेडच्या भिंतीला टेकवून ठेवण्यात आलं. माझ्या कुशीवर बारीक भेगा पडल्या. एक कोंबडी माझ्यात बसू लागली. दोन वर्षं कोणी हात लावला नाही.

मग गेल्या ऑक्टोबरचा तिसरा आठवडा आला.

सप्टेंबरात सगळं खोरं मिळून पठारावरच्या मेंढ्या खाली आणतं. त्या वर्षी ओडनीच्या सतरा मेंढ्या राहून गेल्या. त्यांत क्रूना होती. क्रूना ही कळपाची म्होरकी. तिथे म्होरक्या मेंढ्यांची वेगळी जातच आहे आणि तिच्या अकलेवर लोकांचा हवामानखात्यापेक्षा जास्त विश्वास. वादळ येण्याआधी म्होरकी कळप घेऊन आपणहून घरी येते, असं सगळे धरून चालतात. ओडनीनेही धरलं. "क्रूना आहे ना त्यांच्यात, शनिवारी जाऊ सावकाश," असं ती बुधवारी ग्लूमुरच्या शेडच्या दारात उभी राहून म्हणाली. मी ऐकलं. गुरुवारी पहाटे बर्फ सुरू झालं ते शनिवारपर्यंत थांबलं नाही. क्रूना आली नाही.

रविवारी सकाळी उघडलं. ओडनी आठ वाजताच हजर झाली. डोळे सुजलेले, हातात फावडं, मागे कुत्रा. बर्फाखाली गाडलेली मेंढी श्वासाने छोटंसं भोक पाडून काही दिवस जगते. पण रेडिओवर संध्याकाळी पाऊस सांगितला होता. बर्फावर पाऊस पडून गोठला की वर काच बसते आणि भोकं बुजतात. म्हणजे काय ते संध्याकाळच्या आत.

वादळाच्या आदल्या दिवशी ग्लूमुरचा भाचा कोल्बेइन शहरातून आला होता. तो टायरच्या दुकानात कामाला आहे. मामासाठी त्याने पाच नवे टायर आणले होते. उंच, अरुंद, कुशी दगडासारख्या, नक्षीचे दात बोटभर खोल. मी शेडमधून पाहिलं आणि मनात म्हटलं, हे खरे टायर. तपासनिसाने यांना दोन वेळा खूण केली असती.

ग्लूमुरने गुडघा टेकवून नव्या टायरच्या कुशीवर सगळा भार दिला. कूस हलली नाही.

"मामा, तू कणीक मळतोयस का?" कोल्बेइन हसला. "टायर आहे तो. जितका कडक तितका जोरात खोदतो."

"खोदायला फावडं आहे," ग्लूमुर म्हणाला. "मला वरून जायचंय."

"आणि ते तुझे म्हातारे? भेगा बघ त्यांच्या. अर्ध्या वाटेत फुटतील. मग मेंढ्यांना काय सांगणार, मला जुन्याची सवय होती?"

ग्लूमुरने माझ्या भेगांवरून अंगठा फिरवला. भाच्याने एवढं वजन इतक्या लांबून आणलेलं. त्याने नवे लावले. मला वाईट वाटलं आणि बरोबरही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मला विचारू नका.

नऊला गेलेली गाडी सव्वाअकराला परत आली. तिघांचेही कपडे छातीपर्यंत ओले होते. पठाराच्या कडेलाच गाडी आसापर्यंत बुडाली होती. तीन पौंडांवर आणूनही नव्या कुशी वाकल्या नाहीत आणि दातांनी फक्त खड्डा खोल केला. तासभर फावडी मारून ते आपल्याच चाकोरीतून मागे आले होते.

कोल्बेइन खाली मान घालून उभा होता. ओडनी त्याला रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "आता कोणाचं चुकलं ते रात्री ठरवू. मी क्रूनावर विसंबले, तू दातांवर. चल, जॅक धर."

कोंबडीला उठवून आम्हाला लावलं. नव्यांतला एक जादा म्हणून मागे टाकला. बाराला निघालो.

वर पोचल्यावर हवा सुटली, पोट पसरलं आणि आम्ही तरंगलो. पण मी म्हातारा झालो होतो. एका उतारावर गाडी तिरकी झाली आणि माझी कड रिमवरून निसटली. उरलेले तीन पौंडही गेले. मला वाटलं, संपलं. ग्लूमुरने गाडी जॅकवर घेतली, माझ्या फटीत पटकन पेट घेणारा फवारा मारला आणि लांबून काडी लावली. धाड! माझ्या पोटात जाळ भडकला आणि त्या दणक्याने कड पुन्हा रिमवर बसली. तिथे हे करतात. मित्रांनो, तुम्ही मात्र हे कधीही करू नका. ग्लूमुरची डावी भुवई अशाच एका वेळी गेली ती पुन्हा आली नाही. जाळ विझल्यावर त्याने पंपाने पुन्हा तीन पौंड हवा भरली, माझ्यावर थोपटलं आणि म्हणाला, "शाबास." कशाबद्दल? मी तर फक्त जळलो होतो.

दोनच्या सुमारास क्रूना दिसली. वाऱ्याने उघड्या पडलेल्या एका टेकाडावर ती एकटी उभी होती. ओडनीने हाक मारली तरी हलेना.

"एकटीच वाचली वाटतं," कोल्बेइन हळूच म्हणाला.

"एकटी असती तर घरी आली असती," ओडनी म्हणाली. "ती पायाखालच्यांना सोडून येत नाहीये. खणा."

कुत्रा टेकाडाच्या पोटाशी हुंगू लागला. बर्फात पिवळट कडांची छोटी भोकं होती. दोन तास तिघांनी खणलं. सोळा मेंढ्या निघाल्या. तीन मेलेल्या. सहा इतक्या अशक्त की त्यांना उचलून गाडीत घालावं लागलं. उरलेल्या सात पायांवर उभ्या राहिल्या, पण खोल बर्फात चार पावलं टाकून बसल्या.

तेव्हा क्रूना आमच्या चाकोरीत उतरली. आमच्या सुटलेल्या पोटांनी बर्फ दाबून रुंद आणि घट्ट वाट केली होती. ती त्या वाटेने चालू लागली आणि सातही तिच्यामागे आल्या. मग ग्लूमुरने गाडी तिच्या पुढे घेतली आणि तेच माग पुन्हा दाबत हळूहळू निघाला.

सहा मेंढ्यांचं वजन माझ्यावर होतं. अर्ध्या वाटेत माझ्या कुशीतली एक भेग उघडली. हवा फुसफुसू लागली. ग्लूमुरने गाडी थांबवली आणि तो माझ्याजवळ वाकला.

"दोन उतरवू का?" ओडनीने विचारलं.

"उतरवलेली चालायची नाही," तो म्हणाला. त्याने मागच्या जादा टायरकडे पाहिलं.

पहिला थेंब काचेवर पडला. कोल्बेइन म्हणाला, "मामा, माझा लावू नकोस. तो खड्डे पाडेल. मागच्यांना वाट राहणार नाही."

"मग हा जाईल."

"हो."

माझ्या चिरांमधला बर्फ ग्लूमुरने बोटाने काढला. कशाला काढला, कोण जाणे. मग तो गाडीत बसला आणि माझ्यात हवा उरलेली नसताना त्याने गाडी चालवली. रिम माझ्या आतून मला कापत होती. ज्या माणसाने दहा हिवाळे मला पुसलं, तोच मला फाडत होता. मी मात्र पसरलेलाच राहिलो. बर्फ दाबत राहिलो. मागे आठ मेंढ्यांचे खूर माझ्या मागावर पडत होते.

पावणेसहाला आम्ही ओडनीच्या अंगणात आलो. पाऊस आता जोरात होता. तिने दारात उभं राहून मोजलं. चौदा. मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं. मग तिने सुकवलेला मासा लोण्याबरोबर आणला, तिघांनी उभ्यानेच खाल्ला, आणि ग्लूमुरने मला गाडीवरून काढलं.

आता मी ओडनीच्या गोठ्यात आडवा आहे. माझ्यात गवत घालतात. माझ्यात हवा एक पौंडही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, गाडी असेल. आठवड्यातून एकदा तिच्या टायरपाशी वाका. भेगा बघा, दगड अडकला असेल तर काढा, आणि आज कुठे जायचंय ते लक्षात घेऊन हवा भरा. नव्याच्या कडकपणाला भुलू नका, आणि जुन्याच्या भेगांकडे डोळेझाकही करू नका. कोल्बेइन भेगांबद्दल खोटं बोलला नव्हता. एवढं मी ठामपणे सांगू शकतो.

बाकी मला सांगता येत नाही. ग्लूमुर मधूनमधून येतो, गवत सारून माझ्या फाटलेल्या कुशीवर हात ठेवतो आणि निघून जातो. त्याने मला जपलं की संपवलं, ते मला ठरवता येत नाही. त्यालाही ते ठरवता आलेलं दिसत नाही. क्रूना मात्र रोज सकाळी सगळ्यांत आधी येते आणि माझ्यातलं गवत खाते.