पुलाची सावली

पुलाला जीव द्यावा लागतो, ही आमच्या रोडोपी डोंगरातली पवित्र श्रद्धा. ती इतकी पवित्र, की तिच्यासाठी प्रत्येकजण शेजाऱ्याचं नाव सुचवतो.

नदीतला खांब तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा आठ गवंड्यांनी भाकरी-मिठावर हात ठेवून शपथ घेतली. उद्या दुपारी आपल्या घरच्या बायकांपैकी जिची जेवण घेऊन पहिली खेप, तिची सावली दोरीने मोजायची आणि दोरी खांबाच्या पायात चिणायची. मग पूल टिकतो. सावलीची मालकीण चाळीस दिवस टिकते. घरी मात्र कोणी चकार शब्द काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी एकीची दाढ ठणकली, एकीची शेळी व्याली, बाकीच्यांच्या चुली म्हणे पेटल्याच नाहीत. आली ती मुख्य गवंडी दिमोची सोळा वर्षांची मुलगी वेलिका, घेवड्याचं मडकं घेऊन.

"आज बाकीच्या कुठं गेल्या?" तिने विचारलं.

म्हाताऱ्या स्तामात गवंड्याच्या हातात दोरी होती. ती पाहून वेलिकाने मडकं हळूच खाली ठेवलं.

"बाबा, तुम्ही घरी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं."

"कुणाला?"

"तुझ्या आईला."

सकाळी आई म्हणाली होती, माझे गुडघे धरलेत, आज तू जा. जाताना तिने चीजचा मोठा तुकडा बांधून दिला होता. गोष्टीत अशी आई सावत्र असते. ही सख्खी होती.

स्तामातने दोरी जमिनीवर धरली आणि वैतागला. "दिमो उस्ताद, भर दुपारची सावली ही! जेमतेम दीड हात. एवढ्यावर खांब कसा उभा राहायचा?"

"मग थांबू," दिमो म्हणाला.

"उपाशी?"

सावली लांबेपर्यंत आठही जण घेवडा जेवले.

"मीठ कमी पडलंय गं," एकजण म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"उद्या जास्त घालते," वेलिका म्हणाली.

तिला कोणी धरून ठेवलं नव्हतं. पण गावातली दारं बंद होती आणि समोर बर्फ वितळून फुगलेली नदी. पळून जायचं तर पूल हवा होता.

उन्हं कलल्यावर सावली तिच्या उंचीएवढी झाली. स्तामातने दोरी खाली ठेवली, तेव्हा ती दिमोने उचलली. मापात तो कधी चुकत नसे.

"हलू नकोस, पोरी."

"नाही हलत. तुम्ही नीट धरा."

दोरी चिणली गेली. वेलिकाने मडकं नदीवर घासलं आणि ती घरी आली.

त्यानंतर आई तिला रोज लोण्यातलं वाढायची. तापाने तोंडाची चव गेली तरी समोर बसून म्हणायची, "खा गं, दोन घास."

"आई, तुझे गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत आता."

चाळिसाव्या दिवशी वेलिका गेली. त्याच आठवड्यात पुलाची शेवटची कमान बसली. पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं. दिमोने खांबाला हात लावून पाहिला आणि हत्यारं गोळा केली.

पुढच्या वसंतात नदीने पात्र बदललं. ती आता गावाच्या पलीकडून वाहते. पूल भक्कम आहे. त्याच्याखाली शेळ्या चरतात.