छातीतली पांढरी सुई

नत्थूजी कोष्ट्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हातमाग थांबवून लोक आले होते. खाटेवर बसलेल्या, करणी काढणाऱ्या सुईबाबांनी नत्थूजीच्या बायकोच्या छातीचा म्हणून एक फोटो उंच धरला. त्यात छातीच्या काळ्या फासळ्या होत्या आणि त्यांवर आडवी एक पांढरीशुभ्र सुई.

"डॉक्टरले हे दिसत नाही," बाबा म्हणाले. "आमचा मंतरलेला फोटोचा डबाच करनी पकडते. सुई घालनारी बाई बाजूच्याच घरात राहते."

मग त्यांनी तिच्या, म्हणजे सत्यवतीच्या, पाठीवर फडकं टाकलं, त्यावर ओठ टेकवले आणि तोंडातून खरोखरच सुई काढली. लोकांनी हात जोडले. पाठोपाठ सगळ्यांच्या नजरा शेजारच्या रुख्माबाईच्या दाराकडे वळल्या. ती एकटी राहणारी विधवा होती.

सत्यवतीला क्षय झाला होता. धंतोलीतल्या दवाखान्यात तिला इंजेक्शनं चालू होती. ती तिने त्याच दिवशी बंद केली.

तिची थोरली बहीण अनुसया त्याच दवाखान्यात झाडलोट करी आणि रोग्यांना रांगेत बसवी. एक्स-रेचं काम तिला कोणी शिकवलं नव्हतं. मशीनवरच्या मधुकररावांनी तिला अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुवायला बोलावलं, तेव्हापासून ती विचारत राहिली. ते आधी वैतागले, मग सांगू लागले. वाया गेलेल्या कागदांवर चुका करत करत ती फोटो छापायलाही शिकली. फिल्म धुण्याच्या औषधाने तिची बोटं काळी पडली. "झाडूवालीले डॉक्टर व्हाचं हाय," म्हणून बायका हसत.

अंगणात पाहिलेली बाबांच्या फोटोतली सुई तिला खटकली. फिल्मवर हाड पांढरं दिसतं; छापताना त्यातून उजेड आरपार जातो, म्हणून कागदावर ते काळं उमटतं. लोखंड तर हाडापेक्षाही जास्त किरणं अडवतं. सुई खरंच छातीत असती, तर कागदावर ती फासळ्यांहून काळी दिसायला हवी होती. पांढरी उमटली, याचा अर्थ छापताना कोणीतरी ती फिल्मवर ठेवली होती आणि तिने खालच्या कागदावरचा उजेड अडवला होता.

संध्याकाळी तिने हे बहिणीला समजावलं. सत्यवतीने तोंड फिरवलं. "मी बरी होऊन राहिली, ते तुले पाहवत नाही काय वं?"

अनुसया घरी गेली. पण दोन दिवसांनी रुख्माबाईच्या दारावर गोटे पडले, तिचं कपाळ फुटलं, आणि अनुसयाला गप्प बसवेना. तिने मधुकररावांकडून छातीची एक टाकाऊ फिल्म मागून घेतली, काळ्या वेष्टणात गुंडाळलेला फोटोचा कागदही घेतला, आणि बाबांच्या पुढच्या बैठकीत भर दुपारी उभी राहिली.

तिने कागदावर फिल्म ठेवली, फिल्मवर आपल्या घराची किल्ली, वरून काच. सगळं उन्हात मांडलं. बाबा म्हणाले, बाईमाणसाने मधे पडू नये. कोणी तिला उठवलं नाही. लोक वाकून पाहत होते. कागद हळूहळू काळवंडला. अनुसयाने काच काढली. काळ्या फासळ्या आणि त्यांवर पांढरी किल्ली.

"ही किल्ली कोनी गिळली नाही," ती म्हणाली. "आता बाबाईले म्हना, पहिले तोंड उघडून दाखवा, मंग सुई काढा."

बाबांनी ओठ घट्ट मिटले. मारोतराव हा म्हातारा विणकर आजवर त्यांच्या पाया पडत आला होता. त्यानेच त्यांची हनुवटी धरली. गालाच्या आतून मेणात खोवलेली सुई निघाली.

सत्यवती रडू लागली. "मंग हा खोकला कोनी लावला?"

"कोनीच नाही," अनुसया म्हणाली. "जंतूंचा आजार आहे तो, इंजेक्शननं बरा होते."

दुसऱ्या दिवशी सत्यवती इंजेक्शनसाठी दवाखान्यात आली. पण रुख्माबाई घराला कुलूप लावून उमरेडला भावाकडे निघून गेली होती. अनुसया तिला आणायला गेली. रुख्माबाईने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुई खोटी होती वं. गोटे तर खरेच होते ना."

ती आली नाही. अनुसयाने परत येऊन तिचे शब्द अंगणात जसेच्या तसे सांगितले. कोणी मान वर केली नाही.

"मले बी आधी काही येत नव्हतं," अनुसया म्हणाली. "इचारलं, म्हनून आलं. तुमीही इचारा गा. कोनी चमत्कार दाखवला तर इचारा, कोनाचं नाव घेतलं तर इचारा. पन गोटा उचलायच्या आधी इचारा."