घंटेची तीन मिनिटं

हॉलचे पडदे ओढले आणि सिप्रियनमामा खुर्चीच्या कडेला सरकून बसले. शिपाई म्हणून एकतीस वर्षं शाळेची घंटा वाजवली, एक मेमो नाही, आणि रिटायर व्हायला आठ दिवस उरले असताना हे झेंगट!

शाळेच्याच माजी विद्यार्थिनीने, हेमांगीने, पहिलीचा एक वर्ग धरून तो दहावी होईपर्यंत चित्रीकरण केलं होतं. त्या माहितीपटाचा आज पहिला खेळ. मामांचं दुखणं वेगळंच होतं. घंटा झाली की फाटक बंद, हा मुख्याध्यापिका सरलाबाईंचा कायदा. आणि बावखलाच्या तळ्यापलीकडची जेसिका, आई पहाटेच भाजी घेऊन बाजाराला जायची म्हणून धाकट्याला शेजारी पोचवून, रोज तीन मिनिटं उशिरा धापा टाकत यायची. मग मामांनी काय करावं? घंटाच तीन मिनिटं उशिरा वाजवायची. इतकी वर्षं! बायकोला, अँजेलिनालासुद्धा त्यांनी हे सांगितलं नव्हतं. आणि हेमांगीला कॅमेरा लावायला नेमकं फाटकच सापडायचं.

व्हायचं तेच झालं. पडद्यावर पहिलीतली जेसिका दप्तर सावरत धावत होती आणि मामा हातोडा उगारून तिच्या वाटेकडे बघत होते. ती आत शिरली, की घंटा. तिसरीत दोन वेण्या आल्या, धावणं तेच, उगारलेला हातोडा तोच. सहावी येईपर्यंत लोकांची हसून मुरकुंडी वळली. सरलाबाईंनी मान वळवून मामांकडे पाहिलं. मामांनी अँजेलिनाचा हात घट्ट धरला.

“म्हणजे माझं घड्याळ बरोबर होतं तर,” बाई म्हणाल्या. “दोनदा दुरुस्तीला टाकलं मी.” आणि त्याच सगळ्यांत मोठ्याने हसत सुटल्या. मामांच्या जिवात जीव आला.

मग दहावीचा पहिला दिवस. जेसिकाला सायकल मिळाली होती. पडद्यावर मामा नेहमीसारखे हातोडा उगारून उभे. रस्ता रिकामा. आणि त्यांच्या मागे प्रार्थनेच्या रांगेत, कधीचीच येऊन, त्यांच्यापेक्षा उंच झालेली जेसिका.

मामांचे डोळे भरून आले. पोर मोठी झाली, आणि आपण वेड्यासारखे रस्ता बघत उभे!

मागच्या रांगेतून आवाज आला. आता कॉलेजात जाणारी जेसिकाच ती.

“मामा, मी आत आलेय. वाजवा आता.”

अंधारात मामांचा रिकामा हात वर गेला आणि त्यांनी हवेतच एक टोला दिला.